वेरिबीची सीट

आमच्या आणि तायड्यांच्या मधल्या फेन्सची एक फळी गेली कित्येक वर्षं निखळलेली आहे. ती कुणी बसवायची यावर दोन्ही घरांचं पूर्ण एकमत आहे: समोरच्याने. मला विचाराल तर ती तशीच राहू दे. त्या फटीतून मला विश्राम तायडेचं अख्खं बॅकयार्ड दिसतं, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या फटीतून आलेलं आहे, उरलेलं स्वप्नाने, म्हणजे विश्रामच्या बायकोने, चहा पिता पिता सांगितलेलं. खोटं त्यात काही नाही. थोडं मीठ असेल.

विश्राम मूळचा अकोल्याकडचा. अमरावतीला इंजिनिअर झाला, रेल्वेच्या सिग्नलची कामं शिकला आणि त्याच कामावर मेलबर्नला येऊन वेरिबी या सबर्बमध्ये स्थिरावला. ट्रेन लेट झाली की मी फटीतून विचारते, "काय रे, आज कुणावर रागावून लाल दिवा लावलास?" तो म्हणतो, "लीनाताई, तुम्ही स्टेशनवर निघालात असं कळलं, म्हणून लावला." उंची बेताची, पोट सुखाचं, बोलणं कमी. पण हातात रग्बीचा तो अंड्यासारखा बॉल दिला की माणूस वेगळाच. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी साइटवर लंच-ब्रेकमध्ये लोक टच खेळत होते, एक माणूस कमी पडला म्हणून याला उभं केलं. तो मैदानात गेला तो अजून बाहेर आलेला नाही.

टच म्हणजे रग्बीच, फक्त धडका नाहीत. बॉल हाताने पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा. पुढे जायचं ते आपल्या पायांनी. बॉलवाल्याला समोरच्याने नुसता हात लावला की थांबायचं, आणि असा सहा वेळा हात लागला की बॉल समोरच्यांचा. बायका, पुरुष, कॉलेजची पोरं, पन्नाशीचे, सगळे एकत्र खेळतात. विश्रामने वेरिबीतल्या मराठी मंडळींना हा खेळ शिकवला. ज्यांनी आयुष्यात फक्त टीव्हीचा रिमोट झेलला होता, त्यांना त्याने धावता धावता मागे पास द्यायला लावलं. मलाही एक सीझन उभं केलं होतं. मी बॉल झेलला आणि छातीशी धरून बसले, कुणाला म्हणून दिला नाही. त्याने मोठ्या प्रेमाने मला स्कोअर ठेवायला बसवलं.

वेरिबीचं बघून शेजारच्या टार्नेटने टीम काढली, मग पॉइंट कुकने. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला क्लेटनच्या युनीतल्या, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या, मराठी पोरांनीही काढली, आणि ती पोरं वाऱ्यासारखी पळायची. चारही टीम एकमेकींशी अशा भांडून खेळायच्या की नंतरच्या भज्यांच्या वेळीही वेगवेगळ्या चटया टाकून बसायच्या.

आता आमच्या समोरच्या एवनबद्दल सांगायला हवं. एवन म्हणजे सत्तरीचा स्कॉटिश गृहस्थ, गुलाबांना आणि इंग्रजांना सारख्याच कात्रीने कापणारा. रग्बीत एक मजा आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड एरवी एकमेकांची हाडं मोडतात, पण चार वर्षांतून एकदा चौघांचा मिळून एक संघ दौऱ्यावर जातो. त्यांना लायन्स म्हणतात. कोविडच्या त्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, साउथ आफ्रिकेच्या दौऱ्याचा संघ जाहीर झाला, तेव्हा एवन फोन घेऊन विश्रामच्या दारात आला. त्याने नावं वाचलीच नाहीत. आधी स्कॉटिश मोजले.

"आठ," तो म्हणाला. "मागच्या वेळी पहिल्या यादीत दोन होते. दोन."

"मग आता बरं वाटलं?" विश्रामने विचारलं.

"दहा हवे होते."

"राहिलेले दोघं कोण?"

एवनने बराच विचार केला. "नावं आत्ता आठवत नाहीत. पण त्यांच्यावर अन्याय झालाय हे नक्की."

आम्ही पोट धरून हसलो. पुढे लायन्स तिकडे रिकाम्या स्टेडियममध्ये मालिका हरले, तेव्हा एवनने निकाल दिला की स्कॉटिश कमी घेतल्यामुळे हरले. जिंकले असते तर आठ घेतल्यामुळे जिंकले असते. माणसाला असं पक्कं मत असावं. आयुष्य सोपं जातं.

पण यादी आली त्या दिवशीच विश्रामच्या डोक्यात किडा शिरला. सिडनीच्या पॅरामॅटाची मराठी टीम दर वर्षी व्हॉट्सॲपवर आम्हाला डिवचायची, की मेलबर्नवाल्यांनो, कॉफी पीत बसा. चार सबर्बची मिळून एक टीम केली आणि पॅरामॅटाला गेलं तर?

चार सबर्बचे प्रमुख झूमवर बसले, आणि दहाव्या मिनिटाला भांडण सुरू. पॉइंट कुकचा श्रीनाथ पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मीटिंगमध्ये बोलताना चष्मा काढायची सवय. त्याने चष्मा काढला. "हे बघा, एकच निकष. मेरिट. बेस्ट बारा. कोण कुठला हे बघायचंच नाही."

टार्नेटची चिन्मयी म्हणाली, "असं कसं? मग क्लेटनची पोरंच जातील. चार सबर्ब, बारा माणसं. तिनाचा पाढा येतो ना सगळ्यांना?"

"हा काय रेशनचा तांदूळ आहे का वाटून द्यायला?"

क्लेटनचा कॅप्टन धवल, पीएचडी करणारा उंच पोरगा, स्क्रीनच्या कोपऱ्यात नूडल्स खात शांत बसला होता. मेरिट म्हटलं की आपण, हे त्याला माहीत होतं. उगाच बोलून कशाला वाकडं घ्या.

शेवटी टीम कुणी निवडायची यावर मात्र लगेच एकमत झालं: विश्रामने. आता ते का झालं, ते मी सांगते. तायडे हे आडनाव ऐकल्यावर आपल्यातले काही लोक अर्धा सेकंद थांबतात आणि मग जरा जास्तच गोड हसतात. वाटा मागणाऱ्यांना वाटलं, हा तर आपलं दुःख समजणार. मेरिटवाल्यांना वाटलं, लोक काय म्हणतील या भीतीने तरी हा मेरिटच धरणार. दोघांनीही आपापल्या सोयीचा विश्राम निवडला. खऱ्या विश्रामला कुणी विचारलंच नाही.

"तू हो कशाला म्हणालास?" स्वप्नाने विचारलं.

"बॉल हातात आला," तो म्हणाला. "मागे वळून बघितलं तर पास द्यायला कुणी नव्हतं."

ऑगस्टमध्ये पुन्हा लॉकडाऊन. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, आणि व्यायाम फक्त दोघांनी मिळून. टीमचा सराव बंद. क्लेटनची पोरं शहराच्या त्या टोकाला अडकली. त्यांनी विश्रामला व्हिडिओ पाठवले: खाली म्युझिक, स्लो मोशन, धवल हवेत. वेरिबीकरांनीही पाठवले. त्यात बॉलपेक्षा कॅमेरा धरणाऱ्याचं बोट जास्त दिसायचं आणि मागून कुकरची शिट्टी यायची.

विश्रामची पोरगी पायल युनीला होती, फिजिओ शिकणारी, सगळे क्लास घरूनच. बापासारखीच बुटकी, पण तोंडाने बापाच्या दुप्पट. पळायला फार वेगवान नाही, पण टच तिच्या रक्तात. एके दिवशी ती नकाशा घेऊन बसली. आमच्या घराभोवतीचं पाच किलोमीटरचं वर्तुळ एका बाजूला टार्नेटवाल्यांच्या वर्तुळात शिरत होतं आणि दुसऱ्या बाजूला पॉइंट कुकवाल्यांच्या. टार्नेट आणि पॉइंट कुक मात्र एकमेकांना जेमतेम शिवत होते. मधोमध वेरिबी.

झालं. पायल सोमवारी टार्नेटच्या चिन्मयीबरोबर, बुधवारी पॉइंट कुकच्या कुणाबरोबर, शनिवारी तिसऱ्याच कुणाबरोबर. दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथल्या एखाद्या पार्कात उभं राहायचं आणि तासभर पास द्यायचे. एका वेळी दोघंच, नियमाप्रमाणे. एकदा श्रीनाथही आला. त्याने बॉलला इतकं सॅनिटायझर फासलं की बॉल साबणाच्या वडीसारखा निसटून बदकांच्या तळ्यात गेला. पायलने मला ते करून दाखवलं, चष्मा काढण्यासकट.

क्लेटन आवाक्यात नव्हतं. तर बाईसाहेब धवलला व्हिडिओ कॉल लावायच्या. त्याने आपल्या पार्कात पळायचं आणि हिने इथून विचारायचं, "डावीकडे वळताना तू आधी खांदा टाकतोस, माहितीय का तुला?" त्याला माहीत नव्हतं. फिजिओच्या पोरीला माहीत होतं.

सप्टेंबरमधली गोष्ट. दुपारची वेळ, मी कोथिंबीर खुडत होते. फटीपलीकडून आवाज आला.

"बाबा, सगळे म्हणतायत वेरिबीतून एक तरी घ्यावाच लागणार, नाहीतर टीम कंबाइंड कशी? अँड दॅट्स मी."

"मग?"

"मग मला नको. आय वॉन्ट इन, बाबा. खूप. पण वेरिबीची सीट म्हणून नाही. तसं असेल तर माझं नाव काढ."

विश्राम मग म्हणाला, "पायल, मी सीटवरच इंजिनिअर झालो. मला त्याची लाज नाही. ती सीट नसती तर त्या दारातून मला आत घेतलंच नसतं कुणी. माझ्या बापाला घेतलं नव्हतं."

"आय नो. पण तुझ्यासाठी दार बंद होतं. मला इथे कुणी खेळू नको म्हणालेलं नाही. दार उघडं आहे. उघड्या दारात मी सीट कशाला मागू?"

"आणि चांगली खेळून गेलीस, तरी लोक म्हणालेच की सीटवर आली, तर? मला वीस वर्षं म्हणतायत. सिग्नल बरोबर चालला तरी म्हणतात."

"आय डोन्ट नो," पायल म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता तिचा.

मला एरवी अशा वेळी खोकला येतो, म्हणजे मी आहे हे कळावं म्हणून. त्या दिवशी आला नाही. कोथिंबीर घेऊन मी गुपचूप आत गेले.

नोव्हेंबरमध्ये दारं उघडली. दिवाळीचा फराळ अजून डब्यांत होता तेवढ्यात निवडीचा दिवस ठरला, वेरिबीच्या मैदानावर. इतक्या महिन्यांनी माणसं माणसांना बघत होती. कुणी मिठी मारावी की कोपर लावावं या गोंधळात एकमेकांच्या पोटात गुद्दे मारत होतं. कुणी जाडजूड झालेलं, कुणाचे केस खांद्यावर आलेले. आणि तरी पाच मिनिटांत बघते तर चार सबर्बच्या चार चटया चार कोपऱ्यांत.

विश्रामने दोन टीम पाडल्या. एक मेरिटची: सगळे वेगवान, त्यात बहुतेक क्लेटनचे. दुसरी वाट्याची: चारही सबर्बचे तीन-तीन. "दोन्ही म्हणणी खेळू द्या," तो म्हणाला. "मी बघतो."

काय सांगू. सुरुवातीला मेरिटच्या पोरांनी वाट्याच्या टीमचा पार धुव्वा उडवला. धवल बॉल घेऊन सुटला की मागे नुसती धूळ. श्रीनाथ वाट्याच्या टीममध्ये होता. तो धवलला हात लावायला धावला आणि अर्ध्या मैदानात जाऊन आपण कशासाठी निघालो होतो ते विसरून उभा राहिला. चिन्मयी ओरडली, "श्रीनाथ, तुझं मेरिट तिकडे गेलं बघ."

पण हळूहळू वेगळंच दिसायला लागलं. क्लेटनची पोरं बॉल क्लेटनलाच देत होती. टार्नेटचा एकजण मोकळा उभा, हात वर, घसा सुकला, त्याच्याकडे कुणी बघेना. वाट्याच्या टीमला हे कळलं. त्यांनी फक्त धवलला घेरायला सुरुवात केली. आणि त्यांच्याकडे बॉल आला की तो पायलकडून जायचा. तिला चिन्मयीचा डावा हात कच्चा आहे हे माहीत, पॉइंट कुकची पोरगी उशिरा निघते हे माहीत, श्रीनाथला बॉल हळूच द्यावा लागतो हेही माहीत. ती बघतसुद्धा नव्हती. जिथे माणूस यायचा तिथे बॉल आधी पोचलेला असायचा. पाठोपाठ तीन ट्राय झाले, म्हणजे बॉल तीनदा पलीकडच्या रेषेपार टेकवला. मी स्कोअर ठेवायचा सोडून टाळ्या वाजवत होते.

तरी मेरिटवाले जिंकलेच. थोडक्यात, पण जिंकले. मग दोन्ही टीम मिसळून, पुन्हा मिसळून, विश्रामने दिवसभर खेळवलं, आणि अकरा नावं सांगितली. क्लेटनचे सहा, टार्नेटचे तीन, पॉइंट कुकचे दोन. वेरिबीचं कुणीच नाही. बाराव्या जागेसाठी दोन नावं उरली: क्लेटनचा स्वप्निल, धवलनंतर सगळ्यांत वेगवान, आणि पायल.

"उद्या सांगतो," म्हणून विश्राम घरी आला.

त्या संध्याकाळी श्रीनाथ चकल्यांचा डबा घेऊन तायड्यांकडे हजर. फट माझ्या बाजूला होती.

"विश्राम, मी काय म्हणतो, मेरिट मेरिट म्हणजे तरी काय शेवटी? प्रतिनिधित्वालाही काही अर्थ आहे."

"पॉइंट कुकचे दोघं आहेत की."

"दोघंही तिशीच्या आतले. अनुभवाचं प्रतिनिधित्व कुठंय?"

"अनुभव म्हणजे तू का?"

"मी असं कुठे म्हणालो?" श्रीनाथने चष्मा काढला असणार. "पण समजा कुणी म्हणालंच, तर मी नाही म्हणणार नाही. आणि ते सोड. वेरिबीचा एक पाहिजेच. पायलला घे. आम्ही सगळे पाठिंबा देतो. वेरिबीची सीट."

"चकली छान झालीय," विश्राम म्हणाला, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा मैदानावर. विश्राम मध्ये उभा राहिला. त्याला भाषणाची सवय नाही, सिग्नलपुढे कुणी भाषण करत नाही.

"बारावं नाव मी देणार नाही," तो म्हणाला. "एक नाव माझ्या मुलीचं आहे, मी बाप आहे. आणि वेरिबीची सीट म्हणून कुणाला पाठवायचं नाही, कारण वेरिबीला कुणी अडवलेलं नाही. जे अकरा जाणार आहेत त्यांच्यात वेरिबीचं कुणी नाही. तेच ठरवतील. शेवटचं मिनिट आहे, स्कोअर सारखा आहे, शेजारी कोण हवं? एकेकाने येऊन मला सांगा."

मी पटकन मोजलं. अकरांत सहा क्लेटनचे. आणि स्वप्निल क्लेटनचा. म्हणजे झालंच. चिन्मयी माझ्या कानाशी पुटपुटली, "हा माणूस वेडा आहे का? पोरीला स्वतःच्या हाताने बाहेर काढलं." स्वप्नाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पायल लांब, कुंपणापाशी, बॉल हातात फिरवत होती आणि कुठेच बघत नव्हती.

चहाचा थर्मास मी मुद्दाम विश्रामच्या मागच्या टेबलावर ठेवला होता. चहा कुणीतरी ओतायला हवा ना.

पहिला आला धवल. खाली मान. "काका, स्वप्निल माझा रूममेट आहे," तो म्हणाला. "तो माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही. पण पायल. तिच्याकडे बॉल गेला की मला वळून बघावं लागत नाही."

विश्रामने मान हलवली. क्लेटनच्या पुढच्या पोराने स्वप्निलचं नाव घेतलं. त्याच्या पुढच्यानेही. माझा चहा कपाबाहेर चालला होता. मग टार्नेटची तिघं: पायल, पायल, पायल. चिन्मयी तर "अजून विचारतोस काय?" म्हणून निघाली. पॉइंट कुकचा एकजण म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये आठवड्यातून एक तास मी घराबाहेर हसायचो, काका. तो तास तिच्याबरोबरचा होता. पण मी त्यासाठी नाही सांगत. तिचा पास चुकत नाही, म्हणून सांगतो." मग क्लेटनची एक मुलगी आली, हळू आवाजात पायल म्हणून पळाली. मी मनातल्या मनात अकरांत सहा मोजले आणि टेबलाखाली पाय आपटला. थर्मास आडवा झाला.

विश्रामने मुलीला हाक मारली. "पायल. तू."

ती चालत आली. डोळे त्याच्यावर रोखून. "वेरिबीची?"

"वेरिबीला सीटच नाही," तो म्हणाला. "त्यांना तू हवी आहेस. विचार त्यांना."

तिने विचारलं नाही. हातातला बॉल बापाच्या पोटात असा मारला की त्याचा श्वासच गेला, आणि मग त्याच्या गळ्यात पडली. स्वप्निल तोंड पाडून उभा होता. धवलने त्याला कोपर मारलं, तो म्हणाला, "आय नो, आय नो. मीही तिचंच नाव घेतलं असतं," आणि व्हॅन चालवायचं काम मागून घेतलं. आणि श्रीनाथ? त्याला टूर मॅनेजर केलं. अनुभवाचं प्रतिनिधित्व.

घरी आलो तर एवन गुलाबांना पाणी घालत होता. त्याने टीम विचारली. विश्रामने सांगितली. एवनने आधी बोटांवर मोजलं.

"वेरिबीचे किती?"

"एक."

"एक? दिवसाढवळ्या लुटलं तुम्हाला," एवन म्हणाला. "दोन तरी हवे होते."

"दुसरा कोण?"

"ते बघून सांगतो." आणि पाणी गुलाबांऐवजी पायांवर.

डिसेंबरमध्ये दोन व्हॅन भरून आम्ही पॅरामॅटाला निघालो. नव्या व्हेरियंटच्या बातम्या चालू होत्या. स्वप्निलने रेडिओ बंद केला. श्रीनाथ प्रत्येक पेट्रोल पंपावर उतरून डोकी मोजायचा. धवल मागच्या सीटवर चिन्मयीच्या खांद्यावर झोपला होता आणि त्याच्या उघड्या तोंडात पॉइंट कुकची पोरगी शेंगदाणे टाकत होती. चार चटया नव्हत्या. व्हॅनमध्ये जागाच नव्हती.

पॅरामॅटाच्या मैदानावर त्यांचे दीनानाथ काका भेटले. बोलघेवडा, भला माणूस, हातात वडापावाचा ट्रे. आमच्या टीमकडे बघून म्हणाले, "वा, सगळ्या सबर्बचे घेतलेत वाटतं. छान, छान. कुणाला वाईट वाटायला नको." मग वेरिबीची म्हणून ओळख करून दिलेल्या पायलला नखशिखान्त बघून, प्रेमाने, "आणि ही बुटकी वेरिबीची सीट का?"

विश्रामच्या हातातला वडापाव तसाच राहिला. मान लाल झाली. तो पुढे व्हायला लागला, तर पायलने त्याची बाही धरली. बापाकडे बघून एक भुवई वर केली आणि मैदानात गेली.

मॅच मी कशी सांगू, मला अजून धाप लागते. पॅरामॅटाची पोरं तगडी. ती ट्राय करायची, आम्ही करायचो. ऊन असं की गवत कडकड वाजत होतं. श्रीनाथ साइडलाइनवरून ओरडून ओरडून घोगरा झाला होता, आणि प्रत्येक नाव बरोबर ओरडत होता, चारही सबर्बची. शेवटच्या मिनिटाला स्कोअर सारखा. बॉल आमच्याकडे. पाच वेळा हात लागून झालेला. आता एकदा लागला की संपलं.

बॉल पायलकडे आला. पॅरामॅटाचे तिघं तिच्यावर धावले; बुटकी आहे, वेग नाही, हिला लावू या हात. पहिल्याचा हात तिच्या खांद्यापासून वीतभर असताना तिने बॉल सोडला. मागे, डावीकडे, न बघता. तिथे कुणी नव्हतं. माझ्या तोंडून "अगं आई" निघालं. आणि मग तिथे धवल आला, डावा खांदा टाकत, जिथे बॉल त्याची वाट बघत होता. त्याच्यापुढे मोकळं मैदान. धवल सुटला. मागे नुसती धूळ.

पुढचं मला नीट आठवत नाही. स्वप्नाने मला उचललं किंवा मी तिला. चिन्मयी धवलच्या पाठीवर होती. श्रीनाथचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पायल मात्र बॉल घेऊन सरळ दीनानाथ काकांकडे गेली. केस चेहऱ्याला चिकटलेले, गुडघा फुटलेला, तोंडभर हसू.

"काका," ती म्हणाली, "वेरिबीची सीट. पकडा."

आणि बॉल दिला टाकून. काकांच्या एका हातात ट्रे. बॉल ट्रेवर, वडे गवतावर, काका हसत हसत खाली बसलेले. "बाप रे, पोरी," ते म्हणाले, "तुला तर दोन सीटा द्यायला हव्यात."

विश्राम बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे बघत होते. फट नव्हती मध्ये, तरी बघत होते. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. जवळ गेले तर इतका हसत होता की डोळे पुसायला हात पुरत नव्हते.

"लीनाताई," तो म्हणाला, "मला वीस वर्षांत हे सुचलं नाही हो."

त्याने गवतावरचा बॉल उचलला, धूळ झटकली आणि पोरीला हाक मारली. मग स्वतःच चार पावलं पळत पुढे गेला, वळून न बघता हात मागे नेला. त्याने पास दिला. तिने झेलला.